तळाच्या संघाचा ताळेबंद

दहा वर्षांपैकी नऊ वर्षे स्पर्धेत शेवटचा क्रमांक आणि उरलेल्या एका वर्षी शेवटून दुसरा. प्रतिस्पर्धी अवघे चार. परंतु त्यांपैकी दोघे आपल्या व्यवसायातील सर्वांत धनाढ्यांमध्ये गणले जाणारे. स्वतःचे भांडवल बेताचे, ग्राहक उदासीन, इमारत गैरसोयीची. अशा एखाद्या उद्योगाचा प्रस्ताव पतमूल्यांकनासाठी टेबलावर आला, तर अनुभवी अधिकारी दुसरे पान उलटण्यापूर्वीच नकारार्थी मान हलवील आणि त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु २००८ साली अमेरिकेत अशाच एका ‘आजारी’ संस्थेविषयी काही आकडेतज्ज्ञांनी नेमके उलट मत नोंदवले. ही संस्था म्हणजे फ्लोरिडा राज्यातील ‘टॅम्पा बे रेज’ हा बेसबॉल संघ. आदल्या वर्षी १६२ सामन्यांपैकी केवळ ६६ जिंकून सर्व तीस संघांत तळाला राहिलेला हा संघ या वर्षी ८८ ते ९० सामने जिंकेल, असे ‘पेकोटा’ नावाच्या संगणकीय पद्धतीने सांगितले. क्रीडापत्रकारांपैकी अनेकांना हा विनोद वाटला.

क्रिकेटवर पोसलेल्या भारतीय वाचकाला बेसबॉलची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील मुख्य स्पर्धेत ‘अमेरिकन लीग’ आणि ‘नॅशनल लीग’ अशा दोन शाखा असून प्रत्येकीचे पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन विभाग आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. विभागातील अव्वल संघ ऑक्टोबरमधील बाद फेरीत जातो. २००८ साली याखेरीज प्रत्येक शाखेतील केवळ एकाच अन्य संघाला ही संधी मिळत असे. पुढे नियम सैल झाले. म्हणून संघ कोणत्या विभागात पडला आहे याला विलक्षण महत्त्व होते. टॅम्पा बेचा संघ अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात होता. तेथे न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स हे दोन बलाढ्य संघ, तसेच टोरंटो आणि बाल्टिमोर हे त्यांचे शेजारी. रेड सॉक्स नुकतेच २००७ चे अजिंक्यपद मिळवून आले होते. यांकीजच्या खेळाडूंचे वार्षिक वेतन वीस कोटी डॉलरच्या पुढे गेलेले, तर टॅम्पा बेचे सुमारे साडेचार कोटी डॉलर. आणि वेळापत्रकाची रचना अशी की, या चौघांपैकी प्रत्येकाशी वर्षातून अठरा-अठरा वेळा गाठ पडणार. पळवाट नव्हती.

१९९८ साली स्थापन झालेल्या या संघाचे मूळ नाव ‘डेव्हिल रेज’ असे होते. २००२ मध्ये त्याने १०६ सामने गमावले. पहिल्या दहा वर्षांत सर्वोत्तम कामगिरी म्हणजे २००४ मधील ७० विजय. सेंट पीटर्सबर्ग येथील छप्पर असलेल्या त्याच्या क्रीडागारात रिकाम्या खुर्च्यांचीच संख्या मोठी असे. बाहेर फ्लोरिडाचे लख्ख ऊन आणि आत दिव्यांच्या उजेडात कृत्रिम हिरवळीवर चाललेला पराभव, असे ते चित्र होते.

नवे मालक, जुने शास्त्र

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये संघाची सूत्रे स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांच्या हाती आली. स्टर्नबर्ग हे ‘गोल्डमन सॅक्स’ या वित्तसंस्थेतील माजी भागीदार. त्यांनी अध्यक्षपदी नेमलेले मॅथ्यू सिल्व्हरमन त्याच संस्थेतून आलेले, तर खेळाडूंच्या निवडीची व देवाणघेवाणीची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते अँड्र्यू फ्रीडमन हे ‘बेअर स्टर्न्स’मध्ये विश्लेषक म्हणून काम केलेले. सिल्व्हरमन व फ्रीडमन या दोघांनी अद्याप तिशीही ओलांडली नव्हती. हिशोबनीस आता मैदान चालवणार, अशी टीका झाली. परंतु या मंडळींनी जे केले त्यात वित्तव्यवहाराला अपरिचित असे काही नव्हते. बाजाराने ज्याचे मोल कमी लावले आहे ते घ्यावे, ज्याचे मोल अवास्तव चढले आहे ते द्यावे आणि घाई करू नये, एवढेच त्यांचे सूत्र. खर्चात यांकीजची बरोबरी करणे अशक्य होते. यांकीज जे पाहत नव्हते ते पाहणे शक्य होते.

तळाला राहणाऱ्या संघाला बेसबॉलमध्ये एक सवलत मिळते. दरवर्षी शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते तेव्हा, त्या काळच्या नियमानुसार, सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला आधी निवड करता येत असे. टॅम्पा बेने अपयशाच्या या दशकात अशा निवडीतून तरुणांचा मोठा साठा केला होता. बी. जे. अप्टन (२००२), डेल्मन यंग (२००३), इव्हान लाँगोरिया (२००६) आणि डेव्हिड प्राइस (२००७) हे सर्व पहिल्या तीन क्रमांकांत निवडलेले. अर्थात आधी निवडण्याचा हक्क म्हणजे यशाची हमी नव्हे. २००१ साली याच संघाने तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, कधीच स्थिरावला नाही. उलट जेम्स शील्ड्स हा २००० साली चक्क सोळाव्या फेरीत हाती लागला आणि पुढे संघाचा आधारस्तंभ ठरला.

सोपे गणित, अवघड निष्कर्ष

तज्ज्ञांच्या भाकिताचा पाया समजून घेण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने एक साधे सूत्र मांडले आहे. संघाने वर्षभरात केलेल्या धावांचा वर्ग करावा. प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या धावांचाही वर्ग करावा. आणि पहिल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागावे. येणारा भागाकार म्हणजे संघाने साधारणतः किती प्रमाणात सामने जिंकायला हवेत त्याचा अंदाज. शाळेतील पायथागोरसच्या प्रमेयाशी असलेल्या साम्यामुळे त्याला तेच नाव पडले.

आता २००७ चा टॅम्पा बेचा हिशोब पाहावा. केलेल्या धावा ७८२, दिलेल्या धावा ९४४. सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येते ६६ विजय. प्रत्यक्षातही विजय ६६च होते. म्हणजे संघ कमनशिबी नव्हता. तो खरोखरच तितका वाईट होता. मात्र या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहिले की, दुखणे नेमके कोठे आहे ते कळते. ७८२ धावा ही काही लाजिरवाणी संख्या नव्हती. फलंदाजी ठीक होती. नाश होत होता तो धावा देण्यात. फलंदाजी आहे तशीच ठेवून दिलेल्या धावांतून केवळ २०० वजा केल्या, तर तेच सूत्र ८५ विजय दाखवते.

एका वर्षात दोनशे धावा वाचवायच्या कशा? येथे बहुतेक निरीक्षकांची नजर पिचरकडे जाते. फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी क्षेत्ररक्षकांकडेही पाहत होते. २००७ मध्ये मैदानात टोलवलेला चेंडू अडवून फलंदाजाला बाद करण्याच्या प्रमाणात हा संघ सर्व स्पर्धेत शेवटचा होता. चेंडू फेकणाऱ्याचे काम चोख झाले तरी मागचा क्षेत्ररक्षक दोन पावले उशिरा पोहोचत असे, आणि दोष मात्र चेंडू फेकणाऱ्याच्या खात्यावर पडत असे. क्षेत्ररक्षणाला तेव्हा बाजारात भाव नव्हता. जो होमरन मारतो तो कोट्यधीश होतो. जो चेंडू अडवतो त्याला टाळ्या मिळतात. त्यामुळे चांगले क्षेत्ररक्षक स्वस्तात मिळण्याजोगे होते.

२८ नोव्हेंबर २००७ रोजी टॅम्पा बेने मिनेसोटाच्या संघाशी सहा खेळाडूंचा अदलाबदलीचा व्यवहार केला. दिलेल्यांत मुख्य नाव होते डेल्मन यंग याचे. वय बावीस, पहिल्या क्रमांकाची निवड, आणि त्याच वर्षी नवोदितांच्या पुरस्कारात दुसरा. असा खेळाडू कोणी देतो काय, असा प्रश्न चाहत्यांना पडणे स्वाभाविक होते. बदल्यात आले मॅट गार्झा हा तरुण पिचर आणि जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातील सर्वांत वर्दळीच्या जागेचा क्षेत्ररक्षक. बार्टलेटचे नाव मिनेसोटाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे २००८ च्या अखेरीस तेथील क्रीडालेखकांनी संघाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवड केली ती याच बार्टलेटची. त्याने वर्षभरात मारलेला होमरन एकच होता, हे लक्षात घेतले की या निवडीचा अर्थ उमगतो.

आणखी एक निर्णय याच पठडीतला. जपानहून आलेला अकिनोरी इवामुरा हा तिसऱ्या बेसवर खेळे. त्याला दुसऱ्या बेसवर हलवून लाँगोरियासाठी जागा करण्यात आली. लाँगोरिया १२ एप्रिल २००८ रोजी मुख्य संघात आला आणि आठवडाही उलटण्यापूर्वी संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलरचा करार केला. शिवाय पुढील तीन वर्षे वाढवण्याचा हक्क संघाने स्वतःकडे राखला. मुख्य स्पर्धेतील जेमतेम सहा सामन्यांच्या अनुभवावर एवढी रक्कम बांधून घेणे धाडसाचेच. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्याने भावी उत्पन्नाचा मोठा हिस्सा सोडून आजची निश्चिती पत्करली. दुखापत झाली असती तर संघाचे पैसे बुडाले असते. झाली नाही, आणि हा करार बेसबॉलमधील सर्वांत किफायतशीर करारांपैकी एक म्हणून गणला गेला.

‘पेकोटा’ने या सर्वांचा हिशोब आपल्या पद्धतीने मांडला. नेट सिल्व्हर या तरुण संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली आणि २००३ साली प्रसिद्धीस आलेली ही पद्धत प्रत्येक खेळाडूसाठी इतिहासातील त्याच्यासारखेच वय, शरीरयष्टी आणि कौशल्य असलेले खेळाडू शोधते. ते पुढे कसे खेळले यावरून याच्या आगामी वर्षाचा अंदाज बांधला जातो आणि मग खेळाडूंची बेरीज करून संघाचा. तिशी ओलांडलेल्यांचा आलेख उतरणीला लागतो आणि चोवीस-पंचविशीतल्यांचा चढतो, हे त्यातील साधे तत्त्व. यांकीजचे तारे वयस्क होत चालले होते, तर टॅम्पा बेचा जवळजवळ सगळा संघ चढणीवर होता. वर्तमानपत्रांनी संघाचे दहा वर्षांचे नाव पाहिले. या पद्धतीने नावाकडे लक्षच दिले नाही. तिची खरी ताकद हीच, असे म्हणावे लागेल.

नाव तर बदललेच होते. नोव्हेंबर २००७ मध्ये संघाने ‘डेव्हिल’ हा शब्द गाळला. इंग्रजीत ‘रे’ म्हणजे पाकट मासाही आणि सूर्याचा किरणही. नव्या गणवेशावर किरणाची तिरीप आली. आपल्याकडील नावात अक्षर वाढवणाऱ्या वा गाळणाऱ्या मंडळींना यात मोठा अर्थ सापडेल. आकडेतज्ज्ञांना तो सापडला नाही.

सहा महिन्यांची परीक्षा

प्रशिक्षक जो मॅडन यांनी हंगामापूर्वी खेळाडूंना एक विचित्र समीकरण दिले होते: ९ = ८. नऊ खेळाडू नऊ डाव रोज जीव तोडून खेळले, तर बाद फेरीतील आठ संघांत आपण असू, हा त्याचा अर्थ. गणिताच्या शिक्षकांना न रुचणारे हे समीकरण खेळाडूंनी सदऱ्यांवर छापून मिरवले.

जुलैच्या आरंभी संघ विभागात अव्वल होता. मग मध्यंतराच्या सुट्टीपूर्वी ओळीने सात सामने हरला. सर्वांना वाटले, फुगा फुटला. ऑगस्टमध्ये लाँगोरियाचे मनगट आणि कार्ल क्रॉफर्डचे बोट दुखावले; दोन प्रमुख फलंदाज एकाच वेळी बाहेर. सप्टेंबरमध्ये रेड सॉक्स अगदी मागे येऊन ठेपले. ९ सप्टेंबरच्या रात्री बोस्टनच्या मैदानावर टॅम्पा बे शेवटच्या डावात एका धावेने मागे होता आणि समोर होता जोनाथन पॅपलबॉन, त्या काळातील अत्यंत भरवशाचा पिचर. फलंदाजीला आला डॅन जॉन्सन. दुय्यम स्पर्धेतून त्याच दिवशी बोलावलेला हा खेळाडू विमानाच्या विलंबामुळे सामना सुरू होताना पोहोचलासुद्धा नव्हता. त्याने होमरन मारून बरोबरी साधली आणि संघ ५-४ असा जिंकला. कोणत्याही भाकितात डॅन जॉन्सनचे विमान नव्हते.

हंगाम संपला तेव्हा टॅम्पा बेचे ९७ विजय होते, रेड सॉक्सचे ९५, यांकीजचे ८९. १९९३ नंतर प्रथमच यांकीज बाद फेरीबाहेर राहिले. टॅम्पा बेच्या केलेल्या धावा ७७४, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा किंचित कमीच. आणि दिलेल्या धावा ६७१, म्हणजे तब्बल २७३ ने कमी. सेंट पीटर्सबर्गच्या त्या उदास क्रीडागारात लोक गाईच्या गळ्यातील घंटा वाजवू लागले आणि प्रतिष्ठित गृहस्थांनी खेळाडूंप्रमाणे डोक्यावर तुऱ्यासारखे केस राखले. बाद फेरीत संघाने शिकागो व्हाइट सॉक्सला हरवले. रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेत पाचव्या सामन्यात ७-० ची आघाडी घालवून तो ८-७ असा गमावला, तरीही सातवा निर्णायक सामना जिंकला. त्या मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला मॅट गार्झा. अंतिम मालिकेत मात्र फिलाडेल्फियाने ४-१ अशी मात केली.

बँकेच्या वाचकांना हे वर्ष आणखी एका कारणाने आठवेल. फ्रीडमन यांनी जेथे उमेदवारी केली ती ‘बेअर स्टर्न्स’ २००८ च्या मार्चमध्ये कोसळली आणि १५ सप्टेंबरला, टॅम्पा बे व बोस्टन यांची पहिल्या क्रमांकासाठी झुंज ऐन रंगात असताना, ‘लेहमन ब्रदर्स’ने दिवाळखोरी जाहीर केली. गृहकर्जांच्या रोख्यांविषयी मोठमोठ्या संस्थांनी केलेली भाकिते त्या महिन्यात धुळीस मिळाली. बेसबॉलच्या संघाविषयीचे भाकीत मात्र खरे ठरले. दोन्हीकडे संगणक होते, दोन्हीकडे हुशार माणसे होती. फरक विदेच्या स्वरूपात होता. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद शंभराहून अधिक वर्षे होत आली नसली, तरी प्रत्येक सामन्याची होत आली आहे. आणि एका फलंदाजाचा हात दुखावला म्हणून दुसऱ्याचा दुखावत नाही. गृहकर्जांचे तसे नव्हते. घरांच्या किमती उतरल्या तेव्हा फ्लोरिडातील आणि कॅलिफोर्नियातील कर्जदार एकाच वेळी अडचणीत आले. ती कर्जे परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतकच चुकीचे होते. बेसबॉलच्या भाकीतकाराला आणखी एक सवलत असते: दर ऑक्टोबरला त्याचा निकाल लागतो आणि चूक लपवता येत नाही.

चुकाही होतातच. नाणेफेकीइतकीच बरोबरीची संधी असलेला संघ १६२ सामने खेळला तरी केवळ नशिबाने त्याचे विजय सहा-सहाने वर-खाली होणे अगदी नित्याचे आहे. हे संख्याशास्त्राचे सरळ गणित आहे. धावांच्या सूत्रानुसारही २००८ च्या टॅम्पा बेचे विजय ९२ किंवा ९३ व्हायला हवे होते. वरचे चार-पाच मॅडनचे, खेळाडूंचे, की जॉन्सनच्या विमानाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. २०१५ साली याच ‘पेकोटा’ने कॅन्सस सिटीला ७२ विजय दिले होते, त्या संघाने ९५ जिंकले आणि अजिंक्यपदही पटकावले.

पुनर्बांधणीच्या नावाखाली वर्षानुवर्षे हरत राहणारे संघही कमी नाहीत. पिट्सबर्ग पायरेट्स १९९३ पासून सलग वीस हंगाम निम्म्याहून अधिक सामने हरले. याच संघाने नोव्हेंबर २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंशी करार केला, आणि भारतीय नावे अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या नोंदवहीत प्रथमच आली. ते मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत. पायरेट्सनाही आणखी चार वर्षे धीर धरावा लागला.

फ्रीडमन २०१४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले, जेथे पैशाला तोटा नव्हता. २०२० च्या अंतिम मालिकेत डॉजर्ससमोर उभा ठाकला तो टॅम्पा बेचाच संघ, आणि तो ४-२ असा हरला. २०२५ पर्यंत टॅम्पा बेला अजिंक्यपद मिळालेले नव्हते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळाने त्या क्रीडागाराचे छप्पर फाडले आणि २०२५ चा हंगाम संघाला टॅम्पातील दुसऱ्या मैदानावर खेळावा लागला. ते मैदान यांकीजच्या सरावाचे. त्याच वर्षी स्टर्नबर्ग यांनी संघ विकला.

पूर्व विभाग मात्र पूर्वीसारखाच आहे. बाल्टिमोरने २०१८ मध्ये ११५ सामने गमावल्यानंतर टॅम्पा बेचाच धडा गिरवला, तरुण जमवले, आणि २०२३ मध्ये १०१ विजयांसह विभाग जिंकला. पुढील दशक त्यांचे, असे बहुतेकांचे मत पडले. २०२५ मध्ये ते ७५ विजयांसह तळाला होते. त्या वर्षी विभागात पहिला आलेला आणि अजिंक्यपदाच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचलेला संघ टोरंटोचा. आदल्याच वर्षी तो शेवटचा होता.